आठ किलोच्या यंत्रातून साडेआठ किलो हवा निघत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माळशिरस तालुक्यात आमची थोडी शेती आहे. चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पंक्चरचं काम शिकलो. येत्या गाळप हंगामाआधी कारखान्याच्या रस्त्यावर स्वतःचं टायरचं दुकान टाकायचं आहे. उसाच्या दहाचाकी गाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, टायरगाड्या, मधूनमधून मुरमाचे डंपर, सगळंच येईल. एका दुकानदाराने २ एचपीचा नवा कॉम्प्रेसर दाखवलाय. टाकी २२० लिटरची, प्रेशर ८ किलो, सिंगल फेजवर चालतो, किंमतही बसते. तो म्हणतो, टाकी मोठी असली की हवा कमी पडत नाही. चुलते म्हणतात ५ एचपीचाच घे. त्यांनी एक जुना बघून ठेवलाय, आणि शेतातला थ्री फेज आहेच म्हणतात. माझ्या हातात आईने दिलेले भिशीचे पैसे आहेत, पुन्हा इतके उभे राहणार नाहीत. कोणता घेऊ?

उत्तर:

आईच्या भिशीचे पैसे आहेत, म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणं मागून. तो २ एचपीचा घेऊ नका. तुमच्या रस्त्यावर ज्या गाड्या येणार आहेत त्यांच्यासाठी ५ एचपीचा, डबल स्टेज (म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा), १२ किलो प्रेशरचा कॉम्प्रेसर लागेल. टाकी १६० लिटरची असली तरी चालेल, २२० ची असली तर उत्तम. चुलत्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यांनी बघितलेलं जुनं यंत्र आणि शेतातला थ्री फेज या दोन्ही गोष्टींवर मला स्वतंत्र बोलायचंय.

तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा विहिरीवरच्या मोटरीपासून सुरुवात करू. मोटर घेताना आपण दोन गोष्टी विचारतो: हेड किती आणि पाणी किती. पाणी शंभर फूट चढवायचंय आणि मोटरीचं हेड ऐंशी फूट आहे, तर ती रात्रभर चालली तरी वरच्या हौदात थेंब पडत नाही. नुसतं वीजबिल वाढतं. कॉम्प्रेसरचं प्रेशर म्हणजे हे हेड, आणि सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, हे त्याचं पाणी. एचपी हा फक्त मोटरीचा आकडा. आणि टाकी म्हणजे हौद. हौद कितीही मोठा बांधला तरी त्यातलं पाणी त्याच्यापेक्षा उंच शेताला जात नाही.

आता आकडे बघा. उसाच्या दहाचाकीला बहुतेक १०.००-२० चं टायर असतं, त्यात ११० ते १२० पाउंड हवा लागते. प्रेशरचा किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवरचा किलो आणि पाउंड म्हणजे चौरस इंचावरचा पाउंड, म्हणून इथे एक किलो म्हणजे साधारण सव्वाचौदा पाउंड. म्हणजे १२० पाउंड झाले साडेआठ किलोच्या आसपास. तुम्हाला दाखवलेलं यंत्र ८ किलोला आपोआप बंद होतं, म्हणजे ११४ पाउंडाला. शेवटचे पाच-सहा पाउंड त्यातून कधीच निघणार नाहीत. आणि ११४ सुद्धा टाकी काठोकाठ भरलेली असतानाच. टाकीतलं आणि टायरातलं प्रेशर जवळ आलं की हवा सरकायचीच थांबते. ड्रायव्हर खोळंबलेला, काटा १०५ वर अडकलेला, मोटर धापा टाकतेय, असं रोज होईल. दुकानदाराचं टाकीचं गणित स्कूटर आणि कारच्या दुकानाला लागू पडतं, कारण तिथे तीस-पस्तीस पाउंडच लागतात आणि ८ किलोची टाकी त्याच्या कितीतरी वर असते. तुमच्या रस्त्याला ते लागू नाही.

टाकीतून खरी उपयोगाची हवा किती मिळते हे काढायची रीत सोपी आहे. टाकीच्या प्रेशरमधून टायरचं प्रेशर वजा करा आणि टाकीच्या लिटरांनी गुणा. १२ किलोची २२० लिटरची टाकी असेल आणि टायर साडेआठ किलोचं, तर साडेतीन गुणिले २२०, म्हणजे ७७० लिटर हवा नुसत्या साठ्यातून मिळते. ट्रकच्या टायरच्या पोटात साधारण १३० लिटर जागा असते. शंभर पाउंडांवर आलेलं टायर १२० ला न्यायला १८० लिटरच्या आसपास हवा लागते, म्हणजे अशी चार टायरं तुम्ही साठ्यावरच भराल. हीच रीत ८ किलोच्या यंत्राला लावली की उत्तर शून्याच्या खाली जातं.

रिकामं टायर पूर्ण भरायचं तर १३० गुणिले साडेआठ, ११०० लिटर हवा. ५ एचपीच्या चांगल्या डबल स्टेज यंत्राची प्रत्यक्ष हवा १४ सीएफएमच्या आसपास असते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४०० लिटर. टाकीतला जास्तीचा साठा संपून ती साडेआठ किलोवर उतरलेली असली तरी तीन मिनिटांत टायर भरतं. ३ एचपीच्या डबल स्टेजला पाच मिनिटं लागतील. पाच मिनिटं ऐकायला फार वाटत नाहीत, पण हंगामात कारखान्याकडे नंबर लावायला निघालेल्या गाडीवाल्याला ती फार वाटतात.

इथे एक गोष्ट तुम्हाला नवल वाटेल. ट्रॅक्टरचं मागचं १३.६-२८ चं टायर डोळ्याला केवढं मोठं दिसतं. त्याच्या पोटात २४० लिटरच्या आसपास जागा असते. पण शेतातल्या कामाला त्यात एक किलोच्या जवळपासच हवा ठेवतात. म्हणजे २४० लिटर हवेत ते भागतं, ट्रकच्या टायरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. त्यामुळे ‘मोठ्या टायरसाठी मोठा कॉम्प्रेसर’ हे बोलणं अर्धंच खरं आहे. टायर किती मोठं यापेक्षा त्यात किती पाउंड भरायचे यावर यंत्र ठरतं. तुमच्याकडे फक्त ट्रॅक्टर येणार असते तर मी २ एचपीच्या यंत्राला हरकत घेतली नसती.

आता डबल स्टेज. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक चटका देतं तो अनुभव तुम्हाला असेलच. एकाच दणक्यात हवा आठ-नऊ किलोपर्यंत दाबली की हेडमध्ये ती दीडशे-दोनशे अंशांपर्यंत जाते, ऑइल जळतं, त्याची काजळी व्हॉल्व्हच्या पातींवर बसते आणि दोन हंगामांत यंत्र दम सोडतं. डबल स्टेजमध्ये मोठा सिलिंडर हवा दोन-तीन किलोपर्यंत दाबतो, मग ती बाहेरून पातळ पत्र्याच्या चकत्या लावलेल्या नळीतून गार होत जाते, आणि लहान सिलिंडर तिला १२ किलोपर्यंत नेतो. गार हवा दाबायला ताकद कमी लागते, म्हणून त्याच विजेत जास्त हवा मिळते. घेताना एक फसगत टाळा. दोन सिलिंडर दिसले म्हणजे डबल स्टेज झाला असं नाही. दोन्ही सिलिंडर सारख्याच मापाचे असतील तर ते सिंगल स्टेजच आहे. एक जाड, एक बारीक, आणि मध्ये चकत्यांची नळी, हे डोळ्यांनी बघा. तोंडी ‘डबल’ या शब्दावर पैसे देऊ नका.

कॅटलॉगमध्येही एक मेख असते. काही ठिकाणी ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ मोठ्या अक्षरात छापतात. तो सिलिंडरच्या मापाचा हिशेब आहे. बाहेर पडणारी खरी हवा, ज्याला ‘फ्री एअर डिलिव्हरी’ म्हणतात, ती त्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असते. विचारायचा तो हाच आकडा, आणि कोणत्या प्रेशरला तेही. यंत्र पट्ट्यावर चालणारं घ्या. मोटरीला थेट जोडलेली लहान यंत्रं फार वेगात फिरतात, तापतात, आवाजही करतात. पट्ट्याचं यंत्र संथ फिरतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. कोइमतूर, राजकोट, अहमदाबाद इथली यंत्रं आपल्याकडे सगळीकडे मिळतात. माझ्या मते नावापेक्षा हे बघा की व्हॉल्व्हच्या पाती, पिस्टनच्या रिंगा आणि गॅस्केट तुमच्या जवळच्या मोठ्या गावात त्याच दिवशी मिळतात का. हंगामात आठ दिवस यंत्र बंद राहिलं तर स्वस्तात घेतल्याचा फायदा त्या आठवड्यातच संपतो.

विजेचा प्रश्न यंत्राआधी सोडवा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर दुकान चालवता येत नाही. मंजूर कामाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर २००३ च्या विद्युत कायद्यातल्या १२६ व्या कलमाखाली दंडाची आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज असते, आणि उसाच्या गाड्या रात्रीच जास्त धावतात. महावितरणकडे थ्री फेज व्यापारी जोडणीचा अर्ज करा. ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, त्यावर दिवे, पंखा आणि पुढे येणारं बफिंगचं, म्हणजे रबर घासायचं मशीन धरून भार मागा. थ्री फेज लवकर मिळणारच नसेल तर ३ एचपीचं सिंगल फेजवरचं डबल स्टेज यंत्र हा खरा दुसरा पर्याय आहे. पण खेड्याच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळी व्होल्टेज किती उरतं हे आधी चार दिवस मीटरने मोजा. व्होल्टेज पडलेलं असताना ३ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना अडते, गुणगुणते आणि जळते. वीज अगदीच बेभरवशाची असेल तर डिझेल इंजिनावर चालणारं यंत्रही मिळतं. आवाज आणि खर्च जास्त, पण लोडशेडिंगमध्ये दुकान उघडं राहतं.

आता चुलत्यांनी बघितलेल्या जुन्या यंत्राकडे येऊ. जुनं घ्यायला माझी हरकत नाही, पण ते डोळ्यांनी न तपासता घड्याळाने तपासा. टाकीचा खालचा कॉक उघडून हवा पूर्ण सोडा. काटा शून्यावर आला की कॉक बंद करून यंत्र चालू करा आणि मोबाइलवर वेळ लावा. काटा १० किलोवर आला की थांबवा. टाकीचे लिटर गुणिले दहा, भागिले लागलेली मिनिटं, ही झाली मिनिटाला लिटरमधली खरी हवा. २२० लिटरची टाकी साडेपाच मिनिटांत भरली तर ४०० लिटर आले, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. दहा मिनिटं लागली तर रिंगा किंवा पाती गेलेल्या आहेत. त्यानंतर यंत्र बंद ठेवून अर्धा तास काटा बघा. तो खाली सरकला तर गळती आहे किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, धरत नाही. हवेच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा, त्यावर ऑइलचे ठिपके आले तर सिलिंडर झिजलाय.

हे सगळं दुरुस्त होतं. टाकी दुरुस्त होत नाही. हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतं. ते रोज न सोडलं तर पत्रा आतून कुजत जातो, आणि बाहेरून रंग मारला की काहीच कळत नाही. टाकीवर कुठेही वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, तर यंत्र फुकट मिळत असलं तरी घेऊ नका. ठिगळ नसेल तरी टाकीची हायड्रो टेस्ट करून घ्या आणि दाखला कागदावर मागा. या चाचणीत टाकीत हवा नाही, पाणी भरून दाब देतात, म्हणजे टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. नवं यंत्र घेताना टाकी आयएस ७९३८ प्रमाणे बनलेली आहे का हे विचारा. विक्रेता टेस्टचा विषय टाळू लागला तर तिथून उठा.

आतापर्यंत पैशांचं झालं. आता जिवाचं बोलतो, आणि हा भाग तुम्ही पत्रात विचारलेला नसला तरी माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे.

तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ट्रकांना आणि ट्रॉल्यांना टूब, फ्लॅप (टूबखालची रबरी पट्टी) आणि लॉक रिंगवाल्या डिस्क (टायर बसतं ती लोखंडी चाकं) असतात. १२० पाउंड हवा म्हणजे टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर ५४ किलोचा रेटा. तुमच्या तळहाताएवढ्या जागेवर तो पाऊण टनाच्या वर जातो. हे सगळं आवरून धरते ती एक लोखंडी रिंग. ती गंजलेली असेल, वाकडी असेल, दुसऱ्याच डिस्कची असेल किंवा खाचेत नीट बसलेली नसेल, तर ती सुटते, आणि सुटली की माणसाला हलायला वेळ मिळत नाही. उमेदवारीच्या काळात मी एका गॅरेजात काम करत होतो. तिथे एक मुलगा टायरवर वाकून हवा भरत होता आणि रिंग बसावी म्हणून हातोडीने ठोकत होता. रिंग सुटली ती पत्र्याचं छप्पर फोडून गेली. मुलगा जगला, पण त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला. त्या दुकानात तीन कॉम्प्रेसर होते आणि चाक आत ठेवून हवा भरायचा लोखंडी पिंजरा एकही नव्हता.

म्हणून यंत्राच्या पैशांतून पिंजऱ्याचे पैसे आधी बाजूला काढा. जाड पाइपचा पिंजरा गावातला वेल्डरही करून देतो, फक्त मापं आणि जाडी एखाद्या मोठ्या टायरच्या दुकानात जाऊन बघून घ्या. रिंगवालं प्रत्येक चाक पिंजऱ्यातच भरायचं. नळीच्या टोकाला हाताने धरायचा नोझल नको, चिमट्यासारखा अडकणारा घ्या, आणि व्हॉल्व्ह व हवेचं मीटर तिथून दहा फुटांवर ठेवा, म्हणजे तुम्हाला चाकासमोर उभं राहावं लागणार नाही. आधी दहा-पंधरा पाउंड भरून रिंग सगळीकडून बसली का बघा. बसली नसेल तर हवा पूर्ण सोडा, मग दुरुस्त करा. हवा असताना रिंगेला हातोडी लावायची नाही. आणि चाकाचे नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा संपूर्ण सोडायची. जोडचाक असेल तर दोन्ही चाकांची.

स्टीलच्या रेडियल टायरांत आणखी एक धोका दडलेला असतो. टायर कमी हवेवर बराच वेळ चाललं की बाजूच्या भिंतीतल्या तारा वाकून वाकून थकतात. बाहेरून टायर चांगलं दिसतं. तुम्ही हवा भरू लागता आणि तारा चेनसारख्या सरसर उसवत जातात. नेहमीच्या हवेच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली टायर चाललं असेल, म्हणजे १२० चं टायर ९६ च्या खाली, तर त्यात वरून हवा मारू नका. उतरवा, आतून बघा, भिंतीवर हात फिरवा, मग पिंजऱ्यात भरा. ड्रायव्हर म्हणेल, ‘भर रे, कारखान्यावर उतरवू.’ तेव्हा नाही म्हणायची हिंमत ठेवा. तसंच जास्त टनेज भरलेल्या गाडीला कोणी १४० भरायला सांगितलं, तर टायरच्या बाजूवर जो कमाल आकडा कोरलेला असतो तो त्याला दाखवा आणि तिथेच थांबा. तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं, ते सोडून कमी करायचं नाही. गार झालं की ते आपोआप कमी भरेल. खरं माप सकाळी, गाडी हलण्याआधीचं.

बाकी बारीकसारीक. नळी निदान २० किलो प्रेशरची, रबराची, आतून ऐसपैस घ्या. बारीक प्लास्टिकच्या नळीने १४ सीएफएमचं यंत्रही २ एचपीसारखं वागतं. मीटर चांगलं घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या मीटरशी ताडून बघा, कारण तुमच्या दुकानाचं नाव त्या काट्यावर टिकणार आहे. कॉम्प्रेसरमध्ये कॉम्प्रेसरचंच ऑइल घाला, गाडीचं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढून सोडा; फुस्स आवाज आला म्हणजे तो जिवंत आहे. तो गळतो म्हणून कोणी त्याच्या जागी बूच मारायला सांगितलं तर ऐकू नका. टाकीचं पाणी रोज रात्री दुकान बंद करताना सोडा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. यंत्र सावलीत, भिंतीपासून हातभर दूर, बफिंगच्या धुळीपासून लांब ठेवा. नट खोलायची मोठी इम्पॅक्ट गन पहिल्या वर्षी घेऊ नका. ती हवा खूप खाते, आणि त्या वर्षी गिऱ्हाइकाला तुमच्याकडून हवा हवी आहे.

गाड्यांना मोबाइल चार्जरच्या जागी लावायचे १२ व्होल्टचे पंप मिळतात. ते कारसाठी आहेत, ट्रकला त्यांचा उपयोग नाही. रस्त्यात अडकलेल्या ट्रकवाल्याला मात्र एक सांगत जा: एअर ब्रेकच्या गाडीला टायर भरायचा जोड बहुधा दिलेला असतो. त्यातून १२० होणार नाहीत, पण गाडी तुमच्या दुकानापर्यंत हळूहळू येईल एवढी हवा मिळते.

आता क्रम असा ठेवा. वीजमीटरचा अर्ज याच आठवड्यात टाका, कारण जोडणीला वेळ लागतो. यंत्र दुकानात तयारच असतं. जोडणीचं नक्की होईपर्यंत कोणालाही इसार देऊ नका. मधल्या दिवसांत चुलत्यांना बरोबर घेऊन ते जुनं यंत्र घड्याळ लावून तपासा. टाकीची टेस्ट पास झाली आणि २२० लिटरच्या टाकीत १० किलो सहा मिनिटांच्या आत आले, तर ते घ्या आणि वाचलेल्या पैशांत पिंजरा, नळी आणि मीटर आणा. नाही आलं, तर नवं ५ एचपीचं घ्या, आणि पैसे कमी पडले तर टाकी २२० ऐवजी १६० ची घ्या. प्रेशर १२ च्या खाली आणू नका, आणि पिंजरा पुढच्या वर्षावर ढकलू नका.